निळा कागद

इथे चर्चला दोन घड्याळं असतात.
एक खरी वेळ दाखवतं, एक खोटी,
सैतान आलाच तर गोंधळावा म्हणून.
हे जूझाने सांगितलं, पहिल्याच आठवड्यात,
मी तिची नखं कापत होते तेव्हा.
मी विचारलं, आणि परवान्याचं ऑफिस
कुठल्या घड्याळावर चालतं?
ती इतकी हसली
की कवळी काढून हातात धरावी लागली.

पहाटेची बोट, गोझोहून मोठ्या बेटावर.
मग बस. मग रांग.
मागे रोवेना, तिसऱ्यांदा आलेली,
पुढे बुटवलचा एक पोरगा,
जेवण पोचवायची पेटी पाठीला तशीच,
उभ्या उभ्या झोपलेला.
रांग सरकली की आम्ही पेटीवर टकटक करायचो,
कुणाच्या दारावर करावी तशी.

खिडकीत मार्तीझ बाई.
कुंदा सयाजी नलवडे. यातले सयाजी कोण?
माझे वडील.
तेही येणार आहेत का?
नाही, ते वारले. नावापुरते असतात.
तिने पेन उचललं, जरा थांबली,
म्हणाली, "मेला,"
आणि पान उलटलं.

मी गारच.

मग कळलं, इथे मेला म्हणजे बरं तर,
हो ना, चला पुढे.
पाववाला म्हणतो, ड्रायव्हर म्हणतो,
जूझा तर दर वाक्याला.
आमच्याकडे ती शिवी असते,
नाहीतर बातमी.

यंत्राला माझ्या बोटांचे ठसे सापडेनात.
पुसा, ठेवा. पुन्हा पुसा, ठेवा.
आधी मस्कतला पाच वर्षं, मग इथे,
साबण, फिनेल, लोकांच्या चादरी,
रेषा कुठल्यातरी बादलीत राहिल्या असणार.
घरी येऊन जूझाला बोटं दाखवली.
तिने तिची दाखवली,
लेसच्या फिरक्यांनी गुळगुळीत झालेली.
म्हणाली, दोघी मिळून बँक लुटू,
कुणाला पत्ता लागायचा नाही.

मालकाची सही तिने दहा मिनिटं केली.
जीभ ओठांत धरून, चारच अक्षरं.
अर्ज परत आला.
ओळखपत्रावर जुझेप्पा आहे, जूझा नाही.
ऐंशी वर्षांत मला कुणी जुझेप्पा म्हटलेलं नाही,
ती चिडून म्हणाली,
पाद्री सोडून,
आणि त्याला मी आवडत नव्हते.
तरी काढली सही. वीस मिनिटं.

मग निळा कागद मिळाला.
राहायला पुरेल इतका कागद,
जाऊन यायला नाही.
भावाच्या मुलीचं लग्न मी फोनवर पाहिलं,
जूझाच्या पलंगाच्या काठावर बसून.
तिला सगळे पाहुणे एकसारखे दिसत होते.
नवरी कोण, नवरी कोण, विचारत राहिली,
आणि दिसल्यावर म्हणाली, बारीक आहे, खायला घाला.

फेब्रुवारीत, वारा उत्तरेचा असताना,
मी चहा घेऊन गेले
तर खिडकीकडे तोंड करून ती पडलेली,
हातात काही नाही.
साल्वू बोटीने आला. वारा होता, उशिरा आला.
आईच्या फिरक्यांतल्या चार मला दिल्या,
आणि महिनाअखेरपर्यंत राहा, म्हणाला,
खाली बघत.

नवव्या दिवशी कार्ड आलं.
माझा न हसलेला फोटो,
आणि कामाचं ठिकाण, जुझेप्पाचं घर.
नाव अगदी बरोबर लिहिलेलं.

पुन्हा पहाटेची बोट. पुन्हा खिडकी.
मालक?
वारल्या.
तारीख?
सांगितली.
मार्तीझ बाईंनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं,
टेबलाच्या त्यांच्या बाजूलाच ठेवलं.
"मेला," म्हणाल्या, हळूच.
"मेली," मी म्हटलं.
त्यांना कळणार नव्हतंच.
रोवेनाच्या ओळखीचं नादूरचं एक घर आहे,
म्हातारा, एकटा, ऐकू कमी येतं,
तिथला पत्ता मी नव्या अर्जावर लिहिला.

बोट ठेवा.

तीन आठवडे हात कशात घातले नव्हते.
यंत्राने पहिल्याच खेपेला ओळखलं.