नमुना क्रमांक सतरा

सकाळी साडेसहाला घेंटमध्ये अजून रात्रच असते
आणि आईकडे दुपारचे दीड.
तिचा पहिला प्रश्न ठरलेला: जेवलीस?
मी म्हणते, हो.
भात लावलाय, एवढं तरी खरं.
पडद्यावर तिचा अर्धाच चेहरा, बाकी सगळं छत,
पत्र्यावर कुणाचातरी कोंबडा चालतोय,
इतका जवळ
की सायकलचं कुलूप काढता काढता मी वर बघते.

स्वयंपाकघरात फ्रीजवर चिठ्ठी आहे, बिननावाची, नम्र:
सुकी मासळी तळताना कृपया खिडकी उघडावी.
उघडली असती.
पण खिडकी उघडली की फेब्रुवारी आत येतो.

दिवसभर मी सूत्रकृमी मोजते.
पाण्याच्या थेंबात मोडून पडलेल्या केसासारखे,
फक्त हलणारे.
डाव्या अंगठ्याखाली मोजणीचं यंत्र, टिक, टिक.
शेजारच्या खुर्चीवर तेस्फाये, त्याच्या देशातल्या बटाट्याचे कृमी,
त्याचीही टिक टिक. दोन घड्याळं, वेळ कुणाचीच बरोबर नाही.
बाई म्हणतात, घाई नको, ते कुठे पळून जात नाहीत.

बाबा एकोणीस वर्षं केळीच्या मळ्यात.
शिडीवर चढून लोंगराला निळी पिशवी घालायची,
बाळाला झबलं घालावं तशी, बोटं सांभाळून.
मुळं आतून खाल्ली गेली की झाड लोंगरासकट आडवं होतं,
वारा नसतानाही.
बाबा म्हणतात, झोपलं.
शिष्यवृत्तीच्या अर्जात मला हेच लिहायचं होतं.
लिहिलं: पिकाचे आर्थिक नुकसान.

खोलीच्या कोपऱ्यात घरी पाठवायचं खोकं, अर्धं भरलेलं.
चॉकलेटं, टूथपेस्ट, आईला गुडघ्याचं मलम,
धाकट्या आर्नेलचे बूट.
त्यानं कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवली
आणि फोटो पाठवला.
आता फोटोवरून पाय केवढा ते कसं कळणार?
जहाजाला दोन महिने लागतात, तोवर वाढेलच,
म्हणून एक नंबर मोठा घेतला. मग दुकानात परत जाऊन
दोन नंबर मोठा.

मंगळवारी नमुने आले. तीन शिक्के, दोन सह्या,
आत जाड पिशव्या. सतराव्या पिशवीवर
कापालोंग.
नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल
एवढं आमचं गाव,
अनोळखी अक्षरात, न पुसणाऱ्या शाईनं.

नियम असा की माती उघड्या हातानं हाताळू नये,
नळात सोडू नये,
मोजून झाली की वाफेच्या भांड्यात
एकशे एकवीस अंशांवर
निर्जीव करून टाकावी.
मी सगळे नियम पाळले.
नाकाबद्दल कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.

तेस्फायेनं विचारलं, सर्दी झालीय का?
म्हटलं, हो.

एकशे चौदा.
पुन्हा मोजले. एकशे चौदा.

रात्री दहाला फोन लावला, तिकडे पहाटेचे पाच,
बाबा कामाचे बूट चढवत होते.
म्हटलं, आपल्याकडची माती आली होती आज.
कुणाच्या मळ्यातली?
ते लिहिलेलं नसतं, बाबा.
बरं. किती निघाले?
एकशे चौदा. मूठभर मातीत.
बराच वेळ नुसता बुटाच्या नाडीचा आवाज.
मग म्हणाले,
म्हणजे त्यांचं जेवण झालंय.
तुझं?

मी तवा ठेवला. मासळी काढली, लसूण ठेचून व्हिनेगरमध्ये टाकला.
आधी खिडकी उघडली, चिठ्ठीत म्हटल्याप्रमाणे.
फेब्रुवारी आत आला
आणि थोडा वेळ तव्यापाशी उभा राहिला.