तिसरं पुस्तक

योस्ट मास्टच्या कोठारातून गाई बाहेर काढून
बाकं मांडली होती. ऑक्टोबर. ओहायोतली ओली थंडी.
सुक्या गवताचा वास, लोकरी कोटांचा, शेणाचा, थोडा कॉफीचा.
एकेकानं दाराच्या फटीशी जाऊन
डीकनच्या कानात एक नाव कुजबुजायचं,
आधी पुरुषांनी, मग बायकांनी.
ज्याला तीन मतं, तो चिठ्ठीत.
माझं नाव वाचलं तेव्हा लोव्हायनानं
मांडीवरच्या पोराचे कान झाकले.
का, ते मी तिला आजवर विचारलं नाही.

टेबलावर गीतांची सहा पुस्तकं, सुतळीनं बांधलेली.
एकात चिठ्ठी.
आमच्यात कुणी उमेदवार नसतो.
मागेल त्याला देऊच नये अशी ही गोष्ट:
पगार नाही, शाळा नाही, सुटका नाही;
मरेपर्यंत एक रविवार आड
हातात कागद न घेता उभं राहायचं
आणि देव काय म्हणतो ते सांगायचं,
तेही ज्यांच्या गाई आपल्या मक्यात शिरतात त्यांना.

वयानं मोठा म्हणून मी आधी उठलो.
बोट तिसऱ्या पुस्तकावर टेकलं.
टेकलं, हे नक्की. सुतळीची गाठ बोटाला लागली.
मी चौथं उचललं.

माझ्यामागून एझ्रा हॉस्टेटलर,
स्वतःच्या घोड्याला हाक मारतानाही जो तीनदा अडखळतो.
त्यानं तिसरं घेतलं.

बिशपनी माझी सुतळी सोडली, पानं चाळली, पुस्तक मिटलं.
माझ्या जिवात जीव आला.
त्या एका श्वासाची लाज मी अठ्ठावीस वर्षं
खिशातल्या खिळ्यासारखी बाळगून आहे.
मग एझ्राचं पुस्तक. बोटभर कागद.
त्याच्या बायकोचा हुंदका आला
तो मयताच्या घरातून यावा तसा.

पहिल्याच उपदेशात तो 'प्र'वर अडला.
प्रभू हा शब्द सुटेपर्यंत अंगणात कोंबडा आरवला.
हसलं कुणी नाही. मी बुटांकडे पाहत राहिलो.
पुढे आम्ही थांबायला शिकलो.
म्हातारी फ्रेनी म्हणायची,
बरं आहे, मला माझी पापं आठवायला तेवढा वेळ लागतोच.

त्याचा मका मी कापला. दर वर्षी, न सांगता.
लोक म्हणायचे, मेहलनसारखा शेजारी मिळायला भाग्य लागतं.
नांगरामागे, जिथं कुणी ऐकत नाही तिथं, मी विचारायचो:
ते बोट तू टेकवलंस की मी?
तुला एझ्राच हवा होता, तर माझ्या बोटाला गाठ कशाला लावलीस?
आणि मी हवा होतो,
तर एवढ्याशा बोटानं तुझं पाचारण परत जातं?
इतका हलका आहेस तू?
घोडे शेपट्यांनी माश्या वारायचे.
तास सरळ धरावा लागतो, म्हणून मीही पुढे बघायचो.

गेल्या मार्चात एझ्रा अंथरुणाला खिळला.
शेवटच्या मंगळवारी त्याला सगळं सांगितलं.
बराच वेळ तो छताकडे पाहत होता.
म्हणाला, 'म... म... मका चांगला कापायचास.'
गुरुवारी गेला.

आज पुन्हा बाकं. पाच पुस्तकं.
ज्या पोराचे कान झाकले होते तो आल्विन,
आता दोन मुलींचा बाप, चार मतं मिळून बसला आहे.
त्यातलं एक कुणाचं, ते डीकनला ठाऊक आणि मला.
लोव्हायनाकडे मी पाहत नाही.
तो उठला.
त्याचा हात पुस्तकांवर आला आहे, थांबला आहे,
आणि माझ्या बोटाला इथं बसल्या बसल्या
सुतळीची गाठ लागते आहे.
बाहेर एक गाय हंबरते.
धारेची वेळ टळून गेली आहे.