शिलाईतलं माप

उदगीर. लाईट गेलेली, मशीन इन्व्हर्टरवर.
जेल गार लागताच दैवशाला दचकली,
मग आतलंही.

डोक्यापाशी थांबले.
कवटीची पांढरी कड,
मधोमध रेघ, भांग पाडल्यासारखी,
मागे छोटा मेंदू: दोन गोल, मधे अरुंद.
वर अजून घडी नाही एकही.
विसाव्या आठवड्यात तो असाच असतो,
इस्त्रीच्या पॉपलिनसारखा सपाट.
घड्या नंतर पडतात.

मग ती पाण्याची पोकळी.
दोन टिंबं ठेवली. दहा पूर्णांक चार.
पुन्हा ठेवली. दहा पूर्णांक चार.
हद्द दहाची.

"मॅडम, गप का झालात?"

जे सांगायचं नाही
त्याचा बोर्ड आहे भिंतीवर, लाल अक्षरांत.
जे सांगावंच लागतं
त्याचा नाही.

सांगितलं. कागदावर डोकं काढून दाखवलं.
ती देवणीत ब्लाऊज शिवते, बसस्टँडसमोर.
तिनं एवढंच विचारलं, "किती जास्तीचं?"
"अर्ध्या मिलिमीटरहून कमी."
"मग सुतभर बी नाही की.
एवढं तर शिलाईत जातंय."

मेंदूला शिलाई नसते,
हे मी म्हटलं नाही.
चार आठवड्यांनी या, म्हटलं.
पोट पुसता पुसता ती थांबली.
"म्हंजी कापड भिजवून ठेवायचं.
आटायचं ते आटू द्यायचं.
मग माप."

लाईट आली. पुढचं नाव पुकारलं.
पडद्यावर तिचं चित्र तसंच थिजलेलं,
दोन टिंबं,
मधे पाणी.