डावं पुढचं चाक

चार चाकांपैकी तीन म्हणतात, चाळीसनं चाललोय.
डावं पुढचं म्हणतं, मी तर उभाच आहे.
गाडीच्या मेंदूनं कोणाचं ऐकावं?
तो पिवळा दिवा लावतो
आणि ब्रेकातून आपलं अंग काढून घेतो.

टेकामची गाडी. मंगळवारी, शुक्रवारी
मुकुटबनहून चंद्रपूरला, पहाटे चारला.
मागच्या सीटवर डायलिसिसचे तिघं,
डिकीत चटई, डबे, कोणाची तरी काठी.
वणीच्या पुढं कोळशाचे ट्रक काळा भुगा सांडत जातात,
दव पडलं की रस्ता साबण होतो.
"मिस्तरी, दिवा काई जात नाई जी.
परवा ब्रेक मारला तं गाडी तिरपी झाली."

पहिल्या दिवशी मी स्कॅनर लावला.
पडद्यानं नाव घेतलं: डावं पुढचं, सेन्सर.
कोणी नाव घेतलं की काम सोपं होतं.
सव्वीसशेचा नवा मागवला, बसवला,
दिवा विझला, टेकाम गेला,
आणि पेट्रोल पंपाच्या वळणावरून परत आला.

आज चाक उतरवून मांडी घालून बसलो.
कड्याच्या दातांत कापसाच्या रानातली माती
वाळून दगड झालेली. टूथब्रशनं काढली.
एका दातावर खडूची खूण, बोटानं फिरवत मोजलं:
अठ्ठेचाळीस. एकही पडलेला नाही.
मग भंगारच्या डब्यातून जुना सेन्सर काढला.
अकराशे ओहम.
नवाही अकराशेच.

मीटर गाडीकडच्या सॉकेटाला लावला.
"डोमा, स्टेअरिंग उजवीकडं." अकराशे.
"मधात घे." अकराशे.
"आता डावीकडं, पुरं, अडेपर्यंत."
पडद्यावर फक्त एकचा आकडा उरला,
अगदी डाव्या कडेला,
पंगत उठल्यावर मागं राहिलेल्या माणसासारखा.

चाक मोजत होतं. सेन्सर बोलत होता.
वरचं रबर अखंड, आत तार तुटलेली.
सरळ रस्त्यावर टोकं एकमेकांना टेकायची,
वळणावर सुटायची.

तार इतकी ताणली काहून?
शॉकअबच्या अंगाला तिला धरून ठेवणारा
पत्र्याचा एक चिमटा असतो, एका बोल्टाचा.
बोल्टाची जागा रिकामी होती.
गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी
हा शॉकअब मीच बदलला.
घरी बैल धुवायचे होते, अंधार पडत होता.

बोल्ट सापडतो का म्हणून खाचेत बोटं घातली.
ग्रीस, माती, आणि त्यात काही लांबुडकं.
ओढलं.
दहाचा पाना.

आमच्या फळीवर प्रत्येक पान्यामागं
पांढऱ्या रंगानं त्याचा आकार काढलाय. डोमानंच काढला.
दहाच्या खिळ्याखाली वर्षभर नुसता आकार लोंबतोय.
मी म्हटलं होतं, "पोट्ट्या, कोणाले विकला?"
तो म्हणाला होता, "नाई जी."
दोनदा म्हणाला. मग गप्प.
ऐंशी रुपये कापले होते मी.

"सोडू का जी?" डोमानं वरून विचारलं,
स्टेअरिंग अजून डावीकडं दाबून धरलेलं.
"सोड."

तार जोडली, डाग दिला, नळी काडीनं तापवून बसवली.
जुना सेन्सर परत जागेवर.
चिमटा त्याच पान्यानं आवळला.
सव्वीसशे टेकामच्या हातावर ठेवले;
वणीचा दुकानदार लायटीचं सामान परत घेत नाही.
"काय निंगालं, मिस्तरी?"
"माझंच निंगालं."
तो हसला. त्याला गंमत वाटली.

पंपाच्या वळणावर डावीकडं घेतली, दोनदा, तीनदा.
दिवा आला नाही.
परत येताना लांबूनच दिसला डोमा,
दारात उकिडवा बसून टूथब्रश धूत होता.
पाना माझ्या खिशात.
टेकामला म्हटलं, अजून एक चक्कर मारू गा,
पक्कं करून घेऊ.