उणे साडेसहा

मी गल्ल्यावर बसते, शाळेच्या जेवणघरात,
पावणेअकरा ते दीड.
पोरं बोटांनी आपापला नंबर दाबतात,
माझ्या पडद्यावर नाव उमटतं
आणि नावापुढे खात्यात किती उरलं ते.

काल ओडेसा क्विग्लीच्या नावापुढे, लाल अक्षरांत,
उणे साडेसहा.
मी पडदा जरा वळवून घेतला, नेहमीसारखा.
तिनं टाचा उंचावून तरी पाहिलंच.
"आईने रात्री दहा भरले
तर मी शून्याच्या वर साडेतीन.
उद्या जेवून अर्धा उरेल,
परवा पुन्हा जमिनीखाली. अडीच."

तिसरीत आहे. तिच्या पुस्तकात लिहिलंय
लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही.
बाहेर बिलिंग्जचा जानेवारी,
कोपऱ्यावरच्या बँकेच्या पाटीवर उणे एकोणीस.
पाटीला कुणी पुस्तक वाचून दाखवलेलं नाही.

आई बीटच्या साखर कारखान्यात, रात्रपाळी,
हंगाम संपेपर्यंत.
पोरीच्या कोटालाही तो मातकट, उग्र वास.
वर्गातलं पान ती दहा मिनिटांत संपवते
आणि मग सगळ्यांच्या पेन्सिलींना टोक काढते.
हाल्डरसन बाई वाईट नाहीत.
सत्तावीस पोरं, एक बाई.

पुढच्या गणिताचा वर्ग आहे म्हणे,
टेकडीपलीकडच्या शाळेत, मंगळवारी आणि गुरुवारी.
त्याची परीक्षा शनिवारी सकाळी आठला,
जिल्हा कचेरीत. गाडी ज्याची त्याने आणायची.
सूचना लागली होती आमच्याही ऑफिसात,
हरवलेल्या हातमोज्यांच्या खोक्यामागे.
मला सापडली तेव्हा
मुदत उलटून अडीच महिने झाले होते.

मी कचेरीत फोन केला, आयुष्यात पहिल्यांदा.
आमच्या शाळेतून किती मुलं बसली?
तिकडे कागद चाळल्याचा आवाज.
पूज्य.
"पुढच्या वर्षी बघू हं," ती बाई म्हणाली,
अगदी गोड आवाजात.
एवढी मोठी बेरीज, आणि हातचा घ्यायचा राहिला,
तरी उत्तर किती नीटनेटकं दिसतं.

माझं गणित अपूर्णांकांपाशी सुटलं,
एकोणीसशे एकोणऐंशी साली. परत गेले नाही.
मी काय देणार तिला?
पावत्यांच्या गुंडाळीची शेवटची टोकं,
गुलाबी पट्टा असलेली, जी मशीन नाकारतं.
मी टेबलं पुसते तोवर ती त्यांवर लिहिते,
लांबच लांब, खाली लोंबकळतील अशी गणितं.

काल जाता जाता विचारलं,
"उणे गुणिले उणे किती?"
मला येत नाही, म्हटलं.
रात्री भांडी घासताना विचार केला.
आधी बशी धुतली, मग कढई. नाही आलं.

आज रांगेतच सांगितलं तिनं,
ट्रे एका हातावर तोलत,
"तीन-तीन डॉलरची उधारी
कुणी पाच वेळा काढून घेतली,
तर मी पंधराने वर जाते ना?
काढून घेतलेलं देणं म्हणजे मिळालेलंच.
म्हणून अधिक."

मागची पोरं ढकलत होती.
तिनं नंबर दाबला, दुधाचा डबा उचलला.
उणे साडेनऊ.
मी पडद्याकडे हात नेला, वळवायला,
आणि तिनं तो धरला.
"राहू दे," म्हणाली,
"उदाहरणाला लागेल."