सोमवारी बंद

नेपाळचं निशाण बेतायला बसलो की कापड वाया जातं.
एकावर एक दोन कोन, उरलेल्या तुकड्यात
तान्ह्याचं टोपडंही निघत नाही.
वॉचमन तिलबहादूर सांगायचा, आधी राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असायची,
राजा गेला, तारीख गेली.
सोसायटीनं तेव्हाही दिली नव्हती म्हणा.

माझं दुकान सोमवार पेठेत, आणि सोमवारीच बंद.
हसून झालं असेल तर पुढं सांगतो.

परदेशी पोरांचा मेळावा असायचा, ज्यानं त्यानं आपला झेंडा आणायचा.
विकत मिळतो तो फक्त आपला,
तोही ऑगस्टात, सिग्नलवर.
म्हणून यायची माझ्याकडे.
मी विचारायचो, त्या दिवशी गोड काय करता?

नो बाई आल्या होत्या, आडनावच नो,
चाकणच्या कोरियन साहेबांच्या मिसेस.
म्हटलं, पडदे पंधरा ऑगस्टला मिळणार नाहीत, सुट्टी.
म्हणाल्या, आमचीही.
मला वाटलं, आमची म्हणजे आपली.
तसं नव्हतं. त्यांच्याकडनंही त्याच तारखेला
कुणीतरी निघून गेलं होतं, दोन वर्षं आधी.
शेजारच्या बिवलकर बाई जपानी शिकवतात, त्या दारातूनच बोलल्या,
जे निघून गेले, ते त्या दिवशी भर दुपारी
माना खाली घालून उभे राहतात.
एकाच ताग्यातनं लग्नाचं आणि मयताचं
बेततो आम्ही, तसं.
पडदे चौदालाच देऊन टाकले.

काबूलचा इसमतुल्ला एका वर्षी म्हणाला,
तीन उभे पट्टे जोडून द्या फक्त.
आणि मधलं चिन्ह?
राहू द्या, चाचा.
पैसे पूर्ण दिले.

पण सांगायचंय ते माजोकचं.
शटरखालून वाकून यायचा,
पँटची लांबी शेहेचाळीस, दुमडायला इंच उरायचा नाही.
जूनअखेर वहीचं पान घेऊन आला:
काळा, लाल, हिरवा, मधे पांढऱ्या बारीक कडा,
निळ्या त्रिकोणात पिवळी चांदणी.
कुठला हा?
अजून नाहीये, म्हणाला. नऊ जुलैला होणार.

आमच्यात बाळ यायच्या आधी झबलं शिवत नाहीत.
बायको म्हणाली, नको.
मी म्हटलं, देशाला चालतं.

चांदणीचं टोक नेमकं कुठं बघतं
ते त्यालाच पक्कं ठाऊक नव्हतं. घरी फोन लागेना.
मी कच्च्या टाक्यावर ठेवली,
म्हटलं, विचारून ये, मग पक्की मारतो.
नऊ तारखेला सकाळी आला आणि तशीच घेऊन पळाला.

रात्री शटर ओढताना परत हजर, घामानं भिजलेला,
हातात दोन पुडे.
कुणीतरी त्याला सांगितलं होतं,
मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी.
देश झाला की काय, ते कुणी सांगितलं नव्हतं.
म्हणून दोन्ही.

शिकून गेला तिकडे.
नंतर एका डिसेंबरात पेपरच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या.
बायकोनं त्या पानाची घडी घालून कपाटात खाली अंथरली.

कच्चा टाका फार दिवसांचा नसतो,
नखानं ओढला तरी निघतो.
पिवळा दोरा त्याच रिळावर आहे अजून.
सोमवार सोडून
कधीही यावं.