एका शेंगेत दोन दाणे

चाळीस वर्षं मी सोंगोरच्या खाजणातून मीठ ओढलं,
गुडघाभर पाण्यात, वाकून,
टोपलीच्या बुडाने टाळू चपटी होईपर्यंत.
आता सिस्टर म्हणते, माकू, मीठ सोड.
सोडू कुठे?
ते माझ्या टाचांच्या भेगांत राहतं.

गोळ्या मात्र इमानाने घेतल्या,
खाल्ल्या मिठाला जागावं तशा.
सकाळी एक पांढरी, एक पिवळी,
दूध पावडरच्या डब्यात ठेवलेल्या.
डब्यावर गायीचं चित्र. अर्धी गाय गंजलेली.

मग गेल्या महिन्यात नवी आली,
गुलाबी, जराशी लांबट.
रांग मोठी होती, कुणाचं तरी पोर रडत होतं,
सिस्टरचं अर्धं बोलणं पंख्याने उडवलं.
मी समजले, आणखी एक.
म्हणजे तीन.
जास्त टोपल्या, जास्त पैसा,
हिशोब मला एवढाच येतो.

अकराव्या दिवशी पहाटे
पाण्याच्या पिंपाशी वाकले, उठले,
आणि जमीन होडीसारखी बाजूला गेली.
तांब्या कुठे पडला ते अजून सापडलेलं नाही.

तेईने मला मोटारसायकलवर मधे बसवलं,
मागून शेजारणीने मिठी मारून धरलं,
लग्नाची वरात जावी तशी आम्ही दवाखान्यात.

सिस्टर एन्योनम व्होल्टाच्या पलीकडची.
आमची भाषा तिच्या तोंडात चिखलात चालते, पण चालते.
म्हणाली, घरात जे जे गिळतेस ते सगळं आण.
तेई परत गेला. गाय टेबलावर उपडी झाली.
पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी,
आणि त्रोत्रोत ओरडून विकणाऱ्या माणसाकडून घेतलेलं
गुडघ्यांचं पाकीट. ते मी लपवणार होते.

ती रागावली नाही.
खिशातून उकडलेली शेंग काढली, फोडली.
हा दाणा तुझी पांढरी. हा तुझी पिवळी.
टरफल गुलाबी.
दोघी आत आहेत, माकू.
तू रोज दोनदा जेवत होतीस.

जुन्या गोळ्या तिने ठेवून घेतल्या.
पैसे मोजलेत त्यांचे, मी म्हणाले.
म्हणूनच तर खात राहिलीस, ती म्हणाली.

गुडघ्यांच्या पाकिटावर तिचं बोट थांबलं.
ही दाब वर ओढते, गुलाबी खाली ओढते,
आणि दोघींच्या मधे तुझं मूत्रपिंड.
गुडघ्यांसाठी दुसरं काही बघू. मला विचारून.
जुलाब लागले, ओकाऱ्या झाल्या,
तर त्या दिवशी गोळीआधी माझ्याकडे माणूस धाड.
एखाद्या दिवशी विसरलीस तर विसरलीस,
दुसऱ्या दिवशी जोडी करू नकोस.

आणि बरं वाटायला लागलं की?
हे मीच विचारलं. उत्तर मला माहीत होतं.
माझी थोरली, कोर्कोर, बरं वाटतंय म्हणून थांबली होती.
तिचं अर्धं तोंड अजून हसतं.

आता मी खाटेच्या काठाशी बसते.
घाई नाही. पाय खाली, मग श्वास, मग मी.
भरली टोपली डोक्यावर घेताना उठायचे तशी,
टप्प्याटप्प्याने.
एक गुलाबी. पाणी. झालं.
डब्यात हल्ली शेंगा असतात,
नातू गायीचं उरलेलं शिंग खरवडतो.

केंकीबरोबरचा मासा आता आळणी.
तेई विचारतो, कसा झालाय?
नावडतीच्या हातचा, मी म्हणते, आणि दोन तुकडे जास्त घेते.

दुपारी खाजणावर जाते, फक्त बघायला,
पाण्याची बाटली काखेत धरून.
पोरी वाकलेल्या, पांढरे ढीग चमकतात.
वरच्या ओठावर घाम येतो.
जीभ फिरवते.
खारट.
हे कुणी मोजायला सांगितलेलं नाही.